तनुजाच्या गोळ्या

माऊलीच्या तिसऱ्या वाढदिवसाला केक कापून झाला, पाहुणे पांगले, आणि शिवराजनं बायकोच्या कानाखाली अशी वाजवली की ती ओट्यावरच्या भांड्यांवर जाऊन आदळली. वच्छलाबाई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हातात उरलेल्या केकचं ताट घेऊन. सून कान धरून खाली बसली. वच्छलाबाईनं ताट फ्रिजवर ठेवलं आणि नातवाला उचलून बाहेरच्या खोलीत नेलं. त्या दिवशी तिनं एवढंच केलं.

घर संभाजीनगरला, नक्षत्रवाडीत, पैठण रोडपासून आत, तिसऱ्या मजल्यावर. शिवराज चितेगावच्या एका कंपनीत मशीनवर होता. त्याचा बाप सांडू वारल्यावर वच्छलाबाईनं देवगाव रंगारीचं वावर बटईनं, अर्ध्या वाट्यानं लावलं आणि ती लेकाकडं राहायला आली. सून तनुजा पैठणची, बीएस्सी झालेली, बोलायला लागली की समोरच्याला हसवून सोडणारी.

वाढदिवसाला झालं ते असं. शिवराजचा चुलतभाऊ काकासाहेब बायकापोरांसकट आला होता. त्याचा पोरगा माऊलीहून चार-सहा महिन्यांनी लहान, पण खुर्चीवर उभा राहून त्यानं दोन गाणी म्हणून दाखवली. सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. माऊली कोपऱ्यात पंख्याकडं बघत हात फडफडवत बसला होता. नाव घेऊन हाक मारली तर त्याची मान वळायची नाही. ‘आई’ नाही, ‘पाणी’ नाही. काही हवं असलं की मोठ्या माणसाचं मनगट धरायचा आणि तिकडं ओढत न्यायचा.

काकासाहेब समोसा खाता खाता सहज बोलून गेला. “शिवा, हा पोटात व्हता तवा वहिनी त्या डोक्याच्या गोळ्या खायच्या ना रे? मोबाईलवर एक जण सांगू राह्यला व्हता, असल्या गोळ्यांनी लेकरं मुकी निपजत्यात.”

बोलणाऱ्याच्या मनात खोट नव्हती. पण शिवराजचा चेहरा असा झाला, जणू वर्षभर हरवलेली वस्तू कुणीतरी हातात आणून दिली.

गोळ्या तनुजा खात होती हे खरंच होतं. त्याला कारणही होतं. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी ती हळूहळू विझत गेली. कुणी काही बोललं नव्हतं, घरात काही वाईट घडलं नव्हतं. आधी हसणं गेलं, मग जेवण, मग अंघोळ. एका दुपारी वच्छलाबाई दळण घेऊन आली तर जिन्यातच गॅसचा वास. आत तनुजा शेगडीपुढं मांडी घालून बसलेली. दोन्ही बटणं उघडी, खिडक्या बंद, हातात काडेपेटी. वच्छलाबाईनं दळणाचा डबा तिच्या हातावर फेकून मारला. पीठच पीठ झालेल्या त्या घरात ती सुनेला मिठी मारून कितीतरी वेळ बसून राहिली होती.

तेव्हा शिवराज वेगळा होता. त्यानं कामावर दांड्या मारल्या, बायकोला गाडीवर बसवून मानसोपचाराच्या डॉक्टरकडं नेलं, घास भरवले. डॉक्टर मोनाली म्हणून तरुण बाई होती. गोळ्यांनी दोन-तीन महिन्यांत तनुजा माणसात आली. पुढं दिवस राहिले तेव्हा तिघंही परत तिच्याकडं गेले. डॉक्टरनं समजावून सांगितलं, की गोळी चालू ठेवण्यात थोडी जोखीम आहे, पण बंद करून आजार उलटला तर आईला आणि बाळाला त्याहून मोठी जोखीम आहे. यावर बोलला तो शिवराजच. “मॅडम, चालू ठेवा. तिला परत तसं बघणं मला झेपणार नाय.” वच्छलाबाईनं हे आपल्या कानांनी ऐकलं होतं.

वाढदिवसानंतर तो तेच विसरला. की विसरायचंच त्यानं ठरवलं, देव जाणे.

पुढच्याच आठवड्यात तो सगळ्यांना घेऊन डॉक्टर मोनालीकडं गेला. माऊलीची तपासणी आधीच दुसरीकडं झाली होती. कान चांगले होते. पोराला स्वमग्नता आहे असं तिथल्यांनी सांगितलं होतं, आणि लवकर शिकवणी सुरू केली तर फरक पडतो असंही. शिवराजला शिकवणीत रस नव्हता. तो टेबलावर दोन्ही हात टेकून उभा राहिला.

“मॅडम, एकदाच सांगा. गोळ्यांनी झालं ना हे?”

“मला नाही सांगता येणार,” डॉक्टर म्हणाली.

“म्हणजे झालं असंल.”

“बसा आधी. यावर बरेच अभ्यास झालेत. काहींमध्ये थोडा संबंध दिसला. मग आईचा आजार, घराण्यातल्या गोष्टी हे सगळं धरून बघितलं तर बऱ्याच अभ्यासांत तो संबंध जवळजवळ उरला नाही. कुठल्याही एका मुलाकडं बोट दाखवून ‘हे अमुक कारणानं झालं’ असं मी म्हणूच शकत नाही. गोळी घेतली नसती तर झालंच नसतं, असंही कुणी छातीठोकपणे सांगणार नाही.”

“तुमी तुमची कातडी वाचवू राह्यल्या.”

“शिवराज, तेव्हा आपण चौघांनी इथंच बसून ठरवलं होतं.”

शिवराजनं आईकडं पाहिलं. वच्छलाबाईला म्हणता आलं असतं, व्हय बाबा, तूच तर बोलला व्हतास. ती मांडीवरच्या माऊलीचा शर्ट सारखा करत राहिली. खरं तर तिलाही आतून वाटत होतं, की गोळ्याच बाधल्या. काहीतरी बाधल्याशिवाय असं धडधाकट, गोरंगोमटं लेकरू मुकं कसं राहील?

खाली गाड्या लावायच्या जागेत शिवराजनं तनुजाची वेणी मनगटाला गुंडाळली आणि तिचं डोकं गाडीच्या सीटवर दोनदा आपटलं. पानटपरीवरची माणसं बघत राहिली. एक जण म्हणाला, “ओ भाऊ, छोडो ना.” शिवराज म्हणाला, “घरका मामला है.” तो माणूस परत चहाकडं वळला.

त्या संध्याकाळी त्यानं गोळ्यांच्या पट्ट्या कपाटातून काढल्या, एकेक गोळी दाबून संडासात टाकली आणि पाणी सोडलं. “आजपासून बंद. माझ्या घरात हे जहर नाय पायजे.”

“एकदम बंद करायच्या नसतात,” तनुजा म्हणाली. “हळूहळू कमी...”

तिचं वाक्य त्याच्या कमरेच्या पट्ट्यानं तोडलं.

मार सुरू झाला तो असा. रोज नसायचा, म्हणून त्याची वाट बघणं रोजचं झालं. वच्छलाबाईचा कान या बाबतीत तयार होता. सांडूनं तिला वीस वर्षं बडवली होती आणि तिचे खालचे दोन दात त्यातच गेले होते. भिंतीपलीकडून तिला नुसत्या आवाजावरून कळायचं, ही चापट, हा पट्टा, हे डोकं भिंतीला लागलं. मारून झाल्यावर शिवराज बाहेर यायचा, हात धुवायचा आणि माऊलीला पुढ्यात घेऊन बसायचा. “म्हण, पप्पा. प-प्पा. म्हण ना रे.” माऊली त्याच्या शर्टाच्या बटणाकडं बघायचा. मग शिवराजचे डोळे भरून यायचे. वच्छलाबाईला त्या क्षणी लेकाची दया यायची, आणि ती दया तिला मारापेक्षा जास्त दिसायची. पाप तिथंच होतं.

तनुजाची दशा वाईट झाली. चालता चालता ती भिंत धरायची. “आत्या, डोक्यात करंट बसल्यासारखं होतंय,” सासूला म्हणायची. झोप उडाली. हाताला कंप आला. एकदा तिच्या हातून दुधाचं पातेलं सुटलं आणि वच्छलाबाई नको ते बोलली. “दूध सांडलं त्याचं काय एवढं? पोटातल्या लेकराला जहर पाजताना हात नाय थरथरला तुझा.”

 तनुजा फडकं घेऊन फरशी पुसायला बसली. त्यानंतर ती सासूशी कामापुरतं बोलायची.

अशातच तिला पुन्हा दिवस गेले.

शिवराज खूश झाला. पेढे आणले. आठ-पंधरा दिवस त्यानं हात उगारला नाही. “यावेळी सगळं नीट करायचं,” तो म्हणायचा. “एकबी गोळी नाय. डोकेदुखीचीबी नाय. हे पोरगं बोलंल.” तनुजाच्या ताटात तो स्वतः तूप वाढायचा आणि ती खाईपर्यंत समोर बसायचा. तिला घास गिळत नव्हता. ती परत विझायला लागली होती. वच्छलाबाईनं ओळखलं, कारण ही वाट तिनं आधी पाहिली होती. आधी हसणं, मग जेवण, मग अंघोळ. तिनं गुपचूप काडेपेटी आपल्या उशाखाली ठेवायला सुरुवात केली. गोळ्यांचा विचार मात्र तिच्या मनाला शिवला नाही.

मग एकाएकी तनुजा सावरायला लागली. सकाळी उठून वेणी घालू लागली, माऊलीला समोर बसवून चेंडू इकडून तिकडं ढकलू लागली. एकदा तो हसला, तीही हसली. वच्छलाबाईला वाटलं, खंडोबा पावला.

शनिवारी शेवया करायच्या म्हणून तिनं वरच्या फळीवरचा डबा काढला. शेवयांच्या तळाशी प्लॅस्टिकच्या पिशवीत त्याच गोळ्या होत्या, अर्धी पट्टी संपलेली.

“कुणी आणून दिल्या?” तिनं विचारलं.

तनुजानं दार लोटून घेतलं. “समोरच्या विशाखाताईंनी. मी डॉक्टरांशी फोनवर बोलले त्यांच्याच मोबाईलवरून. आत्या, तुमच्या पाया पडते, त्यांना सांगू नका. मला परत त्या शेगडीपुढं बसायचं नाही. मला दिसायला लागली होती ती शेगडी.”

“आन् पोटातलं?”

“पोटातल्यासाठीच तर घेते.”

वच्छलाबाईनं डबा होता तिथं ठेवला. तिला त्या रात्री झोप लागली नाही. सून खोटं बोलत नव्हती, तिच्या तोंडावरची टवटवी डोळ्यांना दिसत होती. पण माऊलीही डोळ्यांना दिसत होता. एक लेकरू गेलं असं, दुसरंही जाऊ द्यायचं? आपण गप राहिलो आणि तेही मुकं जन्मलं, तर लेकाला तोंड कसं दाखवायचं? ती कूस बदलत राहिली. तिला गोळ्या बंद व्हायला हव्या होत्या, बस. शिवराज ओरडेल, फेकून देईल, एखादी चापट मारेल. पोटुशी बाईला तो काय करणार आहे?

रविवारी सकाळी चहाबरोबर तिनं लेकाला सांगितलं. हळू आवाजात, विशाखाचं नाव न घेता. “तिला मारू नको. नुसत्या काढून घे.”

शिवराजनं कप खाली ठेवला. “माऊलीला वर घेऊन जा, माय.”

ती गेली. तेही तिनं केलं. मिरच्या वाळत घालायच्या निमित्तानं नातवाला घेऊन गच्चीवर गेली. ऊन कोवळं होतं. रोडवरून पैठणची एसटी गेली, तिचा हॉर्न वाजला. मग खालून पहिला आवाज आला. तो तिच्या ओळखीचा नव्हता. चापट नाही, पट्टा नाही. जड पोतं जमिनीवर टाकावं तसा. मग पुन्हा तसाच. आणि तनुजाची किंकाळी, अर्ध्यात तुटलेली.

वच्छलाबाईनं मिरच्यांचं सूप टाकून वळून पाहिलं तर माऊली जागेवर नव्हता. तो जिना उतरत होता, भराभर, भिंतीला हात लावत. ती गुडघ्यांना शिव्या देत मागं धावली.

दार आतून लावलेलं नव्हतं. तनुजा स्वयंपाकघरात फरशीवर एका कुशीवर पडली होती, दोन्ही गुडघे पोटाशी घेऊन. डावा हात कोपराखाली भलत्याच दिशेला वळला होता. शेवया सगळीकडं विखुरल्या होत्या. शिवराज ओट्याला धरून लाथा घालत होता, कमरेत, पाठीत, ती वळली की पोटात. तो शिव्या देत नव्हता. एकच बोलत होता, दात आवळून, प्रत्येक लाथेला. “खा. खा. खा.”

माऊली जाऊन बापाच्या पायाला बिलगला. वाचवायला की काय, कुणाला ठाऊक, त्यानं नेहमीसारखं मनगट धरलं आणि ओढायला लागला. शिवराजनं त्याला दोन्ही बखोटांना धरून उचललं आणि गदगदा हलवलं. “बोल! बोल ना हरामखोरा! पप्पा म्हण! म्हण!” पोराची मान पुढं-मागं झुलत होती. तोंड उघडं होतं आणि त्यातून एकसुरी, लांब, चिरका आवाज येत होता. शिवराजनं त्याला शेगडीच्या बाजूला भिंतीवर फेकलं.

ओट्यावर वच्छलाबाईचा खलबत्ता होता, गावाहून आणलेला, लोखंडी. बत्ता हातात कधी आला ते तिला पुढंही कधी सांगता आलं नाही. तिनं तो लेकाच्या उजव्या कोपरावर मारला. वाळलेली फांदी मोडल्यासारखा कट्ट आवाज झाला. शिवराज वळला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता अजून, नवल होतं.

“माय?”

तिनं दुसरा घाव नडगीवर घातला. तो कोसळला, पण पडता पडता त्यानं डाव्या हातानं तिचा पदर धरून तिला खाली ओढलं आणि तिच्या तोंडावर ठोसा हाणला. तिच्या तोंडात रक्ताची चव आली. ती चव जुनी होती. ती त्याच्या छातीवर गुडघा रोवून उठली, दोन्ही हातांनी बत्ता धरला आणि डोक्यावर उचलला. लेकाचं कपाळ खाली होतं. ते फोडायचं हे तिनं ठरवलं होतं. कसलीही शंका तिच्या मनात नव्हती.

मागून कुणीतरी तिची मनगटं पकडली. समोरच्या घरातली विशाखा होती, शाळेत शिकवणारी. आरडाओरडा ऐकून तिनं पोलिसांना फोन लावला होता आणि तशीच धावत आली होती.

“मावशी! सोडा! मरेल तो!”

“मरू दे.”

“तनुजाला बघा आधी. मावशी, खाली बघा.”

वच्छलाबाईनं खाली पाहिलं. तनुजाच्या पांढऱ्या सलवारीवर लाल डाग पसरत चालला होता आणि शेवया त्यात भिजत होत्या.

घाटीच्या सरकारी दवाखान्यात नेलं. हाताचं हाड मोडलं होतं, दोन बरगड्या गेल्या होत्या. माऊलीच्या डोक्याला टाके पडले, पण तो वाचला. पोटातलं वाचलं नाही. चौथा महिना सरत आला होता. एक नर्स बाहेर येऊन म्हणाली, “मुलगी होती.” कुणी विचारलं नव्हतं.

दुपारी महिला पोलीस जबाब घ्यायला आली. वच्छलाबाई बाकावर बसली होती, ओठ सुजून नाकाला लागलेला. तेवढ्यात काकासाहेब धापा टाकत आला. त्यानं तिला बाजूला घेतलं.

“काकू, जिन्यावरून पडली म्हणा. झालं ते झालं. शिवाची नोकरी जाईल. शेवटी आपलं रगात हाय ते.”

“काकासाहेब, आज आपलं रगात फरशीवर सांडलंय. मी माझ्या हातानं पुसून आले.”

“अवो पण लेक हाय तुमचा.”

“म्हणून तर मी खाली धावले. दुसऱ्याचा असता तर मी गच्चीवरच बसले असते.”

ती पोलीस बाईपुढं जाऊन बसली आणि सगळं सांगितलं. वाढदिवसाची चापट, गाडीचं सीट, पट्टा, लाथा. गोळ्या सापडल्या हे लेकाला कुणी सांगितलं, असं पोलीस बाईनं विचारलं.

“मी.”

“मारेल हे माहीत होतं?”

 “थोडं मारंल हे म्हईत व्हतं,” वच्छलाबाई म्हणाली. पोलीस बाईनं मान वर करून तिच्याकडं पाहिलं आणि तेही लिहून घेतलं.

तनुजा शुद्धीवर आल्यावर वच्छलाबाई तिच्या खाटेजवळ गेली. तनुजानं भिंतीकडं तोंड केलं. “आत्या, तुम्ही जा,” एवढंच म्हणाली. तिचा भाऊ पैठणहून आला होता. तो तिला आणि माऊलीला घेऊन गेला.

शिवराजला अटक झाली, हाताला प्लास्टर असतानाच. वच्छलाबाई देवगावला आपल्या घरी परतली. गावात कुणी तिच्याशी सरळ बोलेना. लेकाचा हात मोडणारी, लेकाला तुरुंगात घालणारी बाई. बटईदारानं पेरणीला तिला विचारलंसुद्धा नाही.

काही महिन्यांनी शिवराज जामिनावर सुटला आणि एका दुपारी काकासाहेबाला घेऊन तिच्या दारात उभा राहिला. वाळला होता. उजवा हात कोपरात सरळ होत नव्हता. वच्छलाबाई ज्वारी निवडत होती.

“माय, साक्ष फिरव.”

“नाय.”

“गोळ्यांनीच झालं सगळं. त्या गोळ्या नसत्या तर माऊली बोलला असता, मी कशाला हात लावला असता तिला? तुलाबी म्हईत हाय. तूच तर मला सांगितलं.”

“व्हय. मीच सांगितलं.”

“मंग?”

“मंग काय? मी सांगितलं, तू मारलं. दोन्ही सांगणार हाय मी.”

त्यानं तिचं डोकं डाव्या हातानं धरलं आणि दाराच्या चौकटीवर आपटलं. काकासाहेब म्हणाला, “शिवा, बास!” पण पुढं झाला नाही. दुसऱ्यांदा आपटलं तेव्हा तिच्या भुवईवर चीर पडली आणि डोळ्यात रक्त उतरलं. शिवराजनं ज्वारीचं सूप लाथाडलं, कोनाड्यातला बापाचा फोटो खाली फेकला, पाण्याचा रांजण दगडानं फोडला. ती चौकटीला टेकून उभी राहिली. ना ओरडली ना खाली बसली. सांडूच्या वेळी ती नेहमी खाली बसायची. तो दमला आणि रडायला लागला, तेव्हा तिला त्याची दया आली का, हे तिनं स्वतःला विचारून पाहिलं. आली होती. ती तशीच ठेवून तिनं पदरानं डोळा पुसला, पायात चपला घातल्या, त्याच्या बाजूनं निघून पोलीस चौकीचा रस्ता धरला. वाटेत लोक ओट्यांवर बसले होते. कुणी विचारलं नाही आणि तिनंही कुणाला सांगितलं नाही. शिवराजचा जामीन गेला.

खटला उभा राहायला दोन वर्षं लागली. संभाजीनगरच्या कोर्टात वच्छलाबाईची साक्ष झाली त्या दिवशी तनुजा मागच्या बाकावर भावाशेजारी बसली होती. विशाखाकडून वच्छलाबाईला तिची खबर कळत असे. ती पैठणला एका शाळेत प्रयोगशाळेत लागली होती, डॉक्टर मोनालीच्या गोळ्या चालू होत्या, माऊलीची शिकवणी सुरू होती. तो आता काही चित्रांवर बोट ठेवून काय हवं ते दाखवायचा. बोलत नव्हता.

शिवराजचा वकील मोठ्या आवाजाचा होता.

“आजी, तुमच्या सुनेनं गरोदरपणी गोळ्या खाल्ल्या म्हणून नातू असा झाला, असं तुम्हाला वाटत होतं की नाही?”

“वाटत व्हतं.”

“म्हणूनच तुम्ही मुलाला सांगितलं. त्याच्या जागी कुणीही बाप असता तर डोकं फिरलं असतं. बरोबर?”

“ते मला नाय ठाव.”

“आज काय वाटतं तुम्हाला? गोळ्यांनी झालं की नाही?”

सरकारी वकील उठायला लागला, पण वच्छलाबाईनं आधीच तोंड उघडलं होतं.

“साहेब, ते म्हईत नाय. डॉक्टरीणबाईला म्हईत नाय. कुणालाच म्हईत नाय म्हणत्यात. मी लई दिस देवाला इचारलं, त्योबी सांगत नाय. पण त्या पोटातल्या पोरीला कशानं मारलं ते मला म्हईत हाय. मी पायलंय. लाथांनी मारलं. ती गोळ्यांनी नाय मेली.”

 शिवराज पिंजऱ्यात खाली मान घालून बसला होता. त्यानं मान वर केली नाही.

बाहेर व्हरांड्यात तनुजा तिच्यासमोर आली. मधल्या काळात तिच्या चेहऱ्यावर थोडं मांस चढलं होतं. डावा हात अजून जरा वाकडाच होता.

“आत्या,” ती म्हणाली, “तुम्ही आज खरं बोललात. पण त्या रविवारी तुम्ही गप राहिला असतात तर ती असती. हे मी विसरणार नाही.”

“इसरू नको,” वच्छलाबाई म्हणाली.

 वकिलांची ये-जा चालली होती. तनुजाच्या भावानं लांबून हाक मारली.

“माऊली दर बुधवारी शिकवणीला इथं येतो,” तनुजा म्हणाली. “उस्मानपुऱ्यात. तुम्हाला बघायचं असेल तर बाहेर बाकावर बसा. त्याला एकदम धरू नका, घाबरतो. आणि माझ्याशी बोलायला येऊ नका.”

“बरं.”

तनुजा गेली. वच्छलाबाई कोर्टाच्या पायऱ्या उतरली आणि रोडवर आली. देवगावची गाडी लागायला वेळ होता. रस्त्यापलीकडच्या रिक्षावाल्याला तिनं विचारलं, की उस्मानपुरा इथून किती लांब, आणि शेअर रिक्षा तिकडं जाते का. तो म्हणाला, “जाती ना मावशी, बसा.” ती म्हणाली, “आज नाय. बुधवारी येते.”